पहिल्या रांगेतले सोफे

लखनौमधल्या अलीगंजच्या चारुलता उजागरे यांच्या मुलीचे लग्न सोफ्यांवरून मोडायला आले होते. देण्याघेण्याचा वाद नव्हता, जातीचा नव्हता. मुलगा आणि मुलगी एकाच चर्चच्या गायनमंडळीत गाणारे, दोघांनी आपल्या पसंतीने ठरवलेले. अडले ते एवढ्यावर, की लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये पहिल्या रांगेत टेंट हाउसचे, म्हणजे मांडववाल्याचे, पांढरे सोफे मांडायचे की नाही, आणि मांडले तर त्यांवर कोणी बसायचे.

यात भांडण्यासारखे काय आहे, हे लखनौबाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. या शहरात कार्यक्रम कसलाही असो, साखरपुडा, रक्तदान शिबिर, शोकसभा, पुढे सोफे लागतात. रेक्झिनचे, जाडजूड हातांचे, सोनेरी पायांचे. समोर काचेचे टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि कागदी रुमालांचा डबा. सोफ्यांच्या मागे कव्हर घातलेल्या खुर्च्या, त्यांच्या मागे बिनकव्हरच्या, आणि सगळ्यांत शेवटी, चपलांच्या ढिगाजवळ, दरी, म्हणजे जमिनीवर अंथरलेली सतरंजी. कोणी कुठे बसायचे हे सांगावे लागत नाही. ज्याला सांगावे लागते, त्याची जागा दरीवर असते.

सीतापूर रोडवर, बख्शी का तालाबच्या अलीकडे, उजागरे कुटुंब ज्या चर्चमध्ये जाते तिथेही हीच मांडणी होती. रोजच्या रविवारी सोफे नसत, पण पाहुणा येणार असला की येत. दरी मात्र बारमाही. पावसाळा संपला की तिच्यावर वीटभट्टीची माणसे येऊन बसत. ही झारखंडहून हंगामाला येणारी उराव कुटुंबे. तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती. गाणी तोंडपाठ, पट्टी वरची. उन्हाळा सरून भट्टी थंडावली की ती गावी परतत. वर्षानुवर्षे येणाऱ्या या माणसांची नावे चर्चमध्ये फार थोड्यांना ठाऊक होती. सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत.

चारुलताबाई साठीच्या आहेत. नगर जिल्ह्यातल्या, राहुरीजवळच्या एका गावच्या. आजोबा गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसून शिकले आणि पुढे ख्रिस्ती झाले. गावात मंडळी उभी राहिली तेव्हा उपासनेसाठी एकच मोठी सतरंजी विणून घेतली होती. मिशनचा गोरा साहेब आला तरी तो तिच्यावरच बसायचा. त्याला मांडी घालता येत नसे, म्हणून पाय पसरून बसायचा, आणि त्या पायांना वळसा घालून पोरे पुढे जायची. बाईंच्या आठवणीतले चर्च हे असे आहे.

वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. संध्याकाळी जेवणाआधी ते शास्त्रातला एक भाग वाचत. एवढे पुष्कळ घरांत होत असे. मास्तर पुस्तक मिटल्यावर एक प्रश्न विचारत, आणि तो विचारल्याशिवाय ताटे वाढली जात नसत: "मग उद्या काय करायचं?" प्रत्येक मुलाला उत्तर द्यावे लागे. "चांगलं वागायचं" हे उत्तर चालत नसे. कोणाशी, कुठे, किती वाजता, असे मास्तर पुढे विचारीत.

एकदा वाचनात आले, की ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याकडे नाही त्याला एक द्यावा. दुसऱ्या दिवशी आठ वर्षांच्या चारुलताने एका गुराख्याच्या पोराला सदरा दिला. भावाचा. संध्याकाळी भाऊ रडत आला तेव्हा मास्तर म्हणाले, "सदरा बरोबर ठिकाणी गेला. निघाला चुकीच्या पेटीतून." तिसऱ्या दिवशी तिचा नवा परकरही गेला. आई आठवडाभर मास्तरांशी धड बोलली नाही.

लग्नानंतर त्या हवाई दलाच्या वसाहतींतून फिरल्या. नवरा, धैर्यशील उजागरे, इंजिनांच्या दुरुस्तीत. वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झाले. शेवटची नेमणूक बख्शी का तालाबची होती. गावी परत जाण्यासारखे फारसे उरले नव्हते, म्हणून अलीगंजमध्ये घर घेतले. बाईंनी तिथल्याच मुलींच्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत शिवणकाम शिकवले. मुलगी सलोनी लखनौचीच. तिला मराठी सगळे कळते, उत्तर हिंदीत येते.

मास्तरांचा प्रश्न बाईंनी सोडला नाही. मागेल त्याला द्यावे असे लिहिले आहे, म्हणून त्यांचा मिक्सर कॉलनीत फिरत असतो. शेजारच्या यमुना वानखडे अकोल्याच्या. यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, घर बौद्ध. दोघींची पंचवीस वर्षांची मैत्री आणि तेवढ्याच वर्षांची थट्टा. यमुनाताई म्हणतात, "चारुबाई, तुमच्याकडं चटणी करायची तर आधी मिक्सर कुठल्या गल्लीत आहे ते शोधावं लागतं. आमच्या बाबासाहेबांनी वाचायला सांगितलं, विचार करायला सांगितलं. मिक्सर वाटायला नाही सांगितलं."

"तुम्हीच नेला होता मागच्या महिन्यात."

"मी परत आणला. हा फरक आहे."

चर्चमध्ये मात्र बाईंचा स्वभाव कोणाला खटकला नव्हता, कारण तोवर तो कोणाच्या आड आला नव्हता. त्या कमिटीच्या रांगेत बसत. खुर्च्यांची पांढरी कव्हरे, मागे मरून फीत बांधलेली, त्यांनीच शिवून दिली होती.

सगळे बदलले ते चर्चच्या वर्धापनदिनी, एका नोव्हेंबरच्या रविवारी. सलोनीचे लग्न तेव्हा ठरलेले होते, फेब्रुवारीत व्हायचे होते. मुलाचे नाव अनुपम पॉल. त्याचे वडील स्टॅनली पॉल चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, काटेकोर गृहस्थ. सोफे कधी मागवायचे, किती मागवायचे, पाहुण्याच्या उजव्या हाताला कोण बसेल, हे सगळे तेच पाहत.

त्या दिवशी पाहुणे म्हणून बांधकाम व्यवसायातले एक बडे गृहस्थ यायचे होते. चर्चला कुंपणाची भिंत हवी होती. पॉलसाहेबांनी सगळी तयारी केली. शास्त्रपाठ वाचायला चारुलताबाईंना सांगितले, कारण त्यांचा आवाज मागपर्यंत जातो. एकच गोष्ट त्यांनी पाहिली नाही: त्या रविवारी पाठ कोणता आहे. ती पाहायची पद्धतच नव्हती. पाठ वार्षिक तक्त्याप्रमाणे येतो, आणि तो वाचला जात असताना पुढे पाहुण्यांना गुच्छ देणे, बॅज लावणे अशी कामे उरकून घेतली जातात. ही चूक होऊ शकते ती अशाच मंडळीत.

पाठ याकोबाच्या पत्रातला होता. तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला, उंची कपड्यांतला माणूस आला आणि एक गरीबही आला. पहिल्याला तुम्ही म्हणालात, इथे बसा, आणि दुसऱ्याला, तू तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायांजवळ बस. तर तुम्ही भेदभाव केलात की नाही? असा तो भाग.

बाई वाचत होत्या तेव्हा पाहुण्यांच्या कोटाला बॅज लावणे चालू होते. त्यांच्या हातात तीन अंगठ्या होत्या. हेही कोणी ठरवून केले नव्हते. लखनौत धंद्यातल्या माणसाच्या हातात अंगठ्या असतातच. वाचन संपले. बाईंनी मान वर करून पाहिले. मग पान न उलटता त्यांनी तोच भाग पहिल्यापासून पुन्हा वाचला, सावकाश. या वेळी गुच्छवाले थांबले. कोणीतरी खोकले.

व्यासपीठावरून उतरल्यावर त्या आपल्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. मधल्या वाटेने सरळ मागे गेल्या आणि चपला काढून दरीवर, एका भट्टीवालीशेजारी बसल्या. तिचे नाव फुलमनी लकडा, हे त्यांना तेव्हा कळले. ती कितीतरी हंगाम तिथे येत होती.

फुलमनीला याचा आनंद वगैरे झाला नाही. ती अवघडली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "दीदी, यहाँ दरवाज़े से हवा लगती है. आप आगे जाइए ना."

"तुम्हें नहीं लगती?"

"हमको तो लगती ही है."

उपासनेनंतर पॉलसाहेबांनी बाईंना व्हरांड्यात गाठले. ते चिडून बोलत नाहीत. आवाज खाली आणतात.

"चारुलताजी, वह पढ़ने के लिए दिया था."

"पढ़ा."

"दो बार?"

"पहली बार आप लोग बैज लगा रहे थे."

"और पीछे जाकर क्यों बैठीं? गेस्ट ने मुझसे पूछा, ये मैडम नाराज़ हैं क्या."

"लिखा था, इसलिए."

"अरे," पॉलसाहेब म्हणाले, "लिखा तो बहुत कुछ है."

हे वाक्य बाईंनी घरी जाईपर्यंत तीन-चारदा स्वतःशी म्हणून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चर्चच्या ऑफिसात गेल्या आणि आपण शिवलेली कव्हरे परत मागितली. ऑफिसातला माणूस समजला, धुवायला नेत असतील. त्याने गठ्ठा बांधून दिला. कापड जाड होते. त्यांची चांगली पोतेरी झाली. काही यमुनाताईंकडेही गेली.

त्यानंतर दर रविवारी बाई दरीवर बसू लागल्या. डिसेंबरात लखनौची फरशी कशी असते ते तिथे राहिलेल्यालाच कळेल. दरीवरून उठताना त्यांचे गुडघे ऐकू येत. धैर्यशीलराव खुर्चीवरच बसत राहिले. ते म्हणाले, "फौजेत सगळं आयुष्य गेलं. मेसमध्ये कोण कुठं बसतो ते रँकवर. त्यात मला कधी अपमान वाटला नाही."

"फौजेच्या नियमात कुठं लिहिलंय, रँक बघू नका म्हणून?"

"नाही."

"मग तुमचं बरोबर आहे. इथं लिहिलंय."

धैर्यशीलरावांनी यावर वर्तमानपत्र उघडले.

पादरीसाहेब एका संध्याकाळी घरी आले. सज्जन माणूस. चहा घेऊन त्यांनी समजावले, की शास्त्र वाचताना काळाचे भान ठेवावे लागते. ते पत्र पहिल्या शतकातले. तेव्हाचा समाज वेगळा, सभा वेगळ्या. आज त्यातला भाव घ्यावा.

"पादरीसाहब, उस ज़माने में सोफा था?" बाईंनी विचारले.

"नहीं."

"सोफा देखा नहीं, फिर भी उनको मालूम था कि क्या होगा. हमारे यहाँ तो हर महीने आता है."

पादरीसाहेब हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पॉलसाहब आपके समधी होने वाले हैं. बच्ची का सोचिए." बाईंनी त्यांना आणखी एक शंकरपाळे दिले. तो विचार त्या रोजच करत होत्या.

जानेवारीत पॉलसाहेब स्वतः आले. लग्नाच्या तयारीचे बोलणे होते. जेवणाचा ठेका, फुले, गाड्या सगळे पाच मिनिटांत झाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. वरातीत त्यांच्या जुन्या खात्यातले अधिकारी येणार, मेडिकल कॉलेजचे डॉक्टर येणार. पुढे सोफे हवेत.

"कुर्सियाँ हैं ना," बाई म्हणाल्या. "सबके लिए एक जैसी. दरीवालों के लिए भी लगवा देंगे."

"कुर्सी और सोफे में फ़र्क होता है."

"वही तो."

पॉलसाहेब धैर्यशीलरावांकडे वळले. धैर्यशीलराव चष्मा पुसत होते. "देखिए," पॉलसाहेब म्हणाले, "मैं झगड़ा नहीं चाहता. मेरे मेहमान पहली लाइन में सोफे पर बैठेंगे, तो शादी यहाँ होगी. नहीं तो कहीं और होगी. और अगर वहाँ भी आपको शास्त्र पढ़ना है, तो फिर सोचना पड़ेगा कि होगी या नहीं."

सलोनी दारात उभी होती. तिने सगळे ऐकले. पॉलसाहेब गेल्यावर ती आईसमोर येऊन बसली. ती एका बँकेत काम करते, भांडतानाही मुद्दे सोडत नाही.

"मम्मी, यार, मेरी शादी है. आप उसमें धरना दोगी?"

"तुझं लग्न आहे म्हणूनच तुला विचारते. सांग, मी काय करू?"

"कुछ नहीं. बस नॉर्मल लोगों जैसा."

"नॉर्मल लोक काय करतात?"

"सुनते हैं, आमीन बोलते हैं, घर जाते हैं."

"ते मला येत नाही. तुझ्या आजोबांनी शिकवलंच नाही."

"नानाजी ने आपको बिगाड़ा, आप मुझे बिगाड़ रही हो," सलोनी म्हणाली आणि उठून गेली. दोन दिवस घरात कामापुरते बोलणे झाले. यमुनाताई वाटीभर झुणका घेऊन आल्या, वातावरण पाहून म्हणाल्या, "आम्ही धर्म बदलला तो जागेसाठीच. तुमचा आजोबाही त्याच कारणानं गेला होता ना? मग तिथंही पुढची रांग आणि मागची रांग आहेच की, चारुबाई."

"म्हणून तर."

"म्हणून तर काय? पोरीचं लग्न मोडणार?"

"पोरीला विचारणार."

तिसऱ्या दिवशी बाईंनी पॉलसाहेबांना फोन केला. सोफे मागवा, हवे तितके मागवा, मेहमान सोफ्यांवरच बसतील. पॉलसाहेबांनी समाधानाने आभार मानले. सलोनीने हे स्वयंपाकघरातून ऐकले आणि तिथूनच म्हणाली, "मम्मी मान गईं, मतलब मम्मी मानी नहीं हैं. क्या करने वाली हो?"

बाईंनी लपवले नाही. भट्टीच्या माणसांना लग्नाला बोलवायचे. मुलीच्या घरचे पाहुणे म्हणून, दारात स्वागत करून. आणि सोफ्यावर बसवायचे.

सलोनी बराच वेळ कणीक मळत राहिली. "और पॉल अंकल उठकर चले गए तो?"

"तर लग्न मोडेल. माझं नाही, तुझं. म्हणून तुझ्यावर आहे. तू नको म्हणालीस तर सोफ्यावर त्यांचे डॉक्टर बसतील. मी दरीवर बसून तुला आशीर्वाद देईन, आणि तुला एका शब्दानं बोलणार नाही."

"बोलोगी नहीं, देखोगी. वह ज़्यादा खराब है."

त्या रात्री तिने अनुपमला फोनवर सांगितले. तो आधी खूप हसला, मग म्हणाला, पापा मर जाएँगे. "मरेंगे नहीं," सलोनी म्हणाली, "खड़े रहेंगे." थोड्या वेळाने तिने स्वतःच कबूल केले, की गायनमंडळीतून ती इतकी वर्षे गीतांची पुस्तके वाटत आली आणि ती नेहमी दरीच्या अलीकडेच संपत. तिने कधी ज्यादा मागवली नव्हती. "कर लो," अनुपम म्हणाला. "मैं आगे देखूँगा ही नहीं, तुम्हें देखूँगा." सलोनीने त्याला फिल्मी म्हटले आणि फोन ठेवला.

आमंत्रण द्यायला मायलेकी स्कूटरवरून भट्टीवर गेल्या. विटा थापायचे काम चालू होते. फुलमनीने हात धुतले, पत्रिका उलटसुलट करून पाहिली, आणि सोफ्याचे ऐकल्यावर परत द्यायला निघाली.

"दीदी, आपका झगड़ा है सेक्रेटरी साहब से. हमको उसमें मत बैठाइए."

असे बाईंना आजवर कोणी म्हटले नव्हते, पादरीसाहेबांनीही नाही. सलोनीच म्हणाली, "झगड़ा तो है. पर शादी मेरी है, और बुला मैं रही हूँ. आप आतीं तो गाना भी अच्छा होता. हमारी तरफ़ सब बेसुरे हैं."

फुलमनीच्या मागे बायका आपसात त्यांच्या कुरुख भाषेत काही बोलल्या, एक जण हसली. लग्न बुधवारचे होते आणि भट्टीला बुधवारी बाजाराची सुट्टी असते, हेही कोणीतरी सांगितले.

"आएँगे," फुलमनी म्हणाली. "बैठेंगे भी. पर एक बात है. बिठाकर उठाइएगा मत. गाँव में भी हुआ है हमारे साथ, यहाँ भी हुआ है. कोई बड़ा आदमी आया, बोला, चलो, चलो, उठो. इस बार बैठ गए तो बैठ गए."

"कोणी उठवणार नाही," बाई मराठीतच म्हणाल्या. फुलमनीला ते कळले.

लग्नाच्या दिवशी सोफे सकाळीच आले. वरात, लखनौच्या रीतीप्रमाणे, ठरल्या वेळेच्या पुष्कळ नंतर आली. भट्टीची माणसे वेळेवर आली होती. बायका लाल काठाच्या पांढऱ्या साड्यांत, केसांत तेल, पुरुष इस्त्रीच्या शर्टांत. धैर्यशीलराव दारात उभे होते. हे काम त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी सूट घातला होता, छातीवर पदके लावली होती, आणि प्रत्येकाला हात जोडून पहिल्या रांगेपर्यंत पोहोचवत होते, मेसमध्ये एअर मार्शलला पोहोचवावे तसे. नंतर यमुनाताईंनी त्यांना विचारले, की हे कसे काय. ते म्हणाले, "पाहुण्याला एस्कॉर्ट करायचं असतं. त्यातलं मला कळतं."

मुलीकडच्या पहिल्या सोफ्यावर फुलमनी बसली. पुढच्या बाटलीतले पाणी तिने उघडून प्यायले.

पॉलसाहेब आत आले ते आपल्या डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना घेऊन. मधल्या वाटेने ते अर्ध्यापर्यंत आले आणि थांबले. मागचे त्यांच्यावर आदळले. वाद्य वाजवणाऱ्याने सूर धरला होता, तो सोडून दिला.

चारुलताबाई पुढे झाल्या.

"यह क्या है?" पॉलसाहेबांनी विचारले, अगदी खालच्या आवाजात.

"मेहमान हैं."

"किसके?"

"मेरे. आपने कहा था, मेहमान सोफे पर बैठेंगे. आपके मेहमानों के लिए कुर्सियाँ हैं. दरी आज बिछाई ही नहीं."

पॉलसाहेब पहिल्या रांगेजवळ गेले. फुलमनीसमोर उभे राहून त्यांनी हात किंचित वर केला. चलो, उठो असे म्हणताना करतात तसा. शेजारची तरुण बाई उठायला लागली. फुलमनीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बोला था," ती म्हणाली, "बैठ गए तो बैठ गए." आणि जराशी सरकून, सोफ्याच्या कडेला जागा करून, "जगह है, भैया. बैठना है तो बैठिए."

दारात सलोनी आली होती, पांढऱ्या साडीत, डोक्यावर जाळी. ती आत येत नव्हती. ती वडिलांचा हात धरून थांबली होती आणि सासऱ्यांकडे पाहत होती. सगळ्या चर्चला कळले, की आता काय ते पॉलसाहेबांनी ठरवायचे आहे. वेदीपाशी अनुपम उभा होता. त्याने वचन दिल्याप्रमाणे पुढच्या रांगेकडे पाहिले नाही.

डॉक्टरांपैकी एक वयस्क गृहस्थ, बहुधा पाय दुखत असावेत, मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. मग दुसरे बसले. अधिकाऱ्यांना वाटले, मांडणी अशीच असेल, तेही बसले. पॉलसाहेब सोफ्यावर बसले नाहीत आणि खुर्चीवरही नाही. ते भिंतीला टेकून उभे राहिले. पण गेले नाहीत.

सूर पुन्हा सुरू झाला. सलोनी आत आली.

लग्नविधी लांबला. पादरीसाहेबांनी उपदेश नेहमीसारखाच दिला, भाव घेऊन. गीताच्या वेळी पहिल्या रांगेतून असा आवाज उठला, की गायनमंडळी मागे पडली. पॉलसाहेब सगळा वेळ उभे होते. लग्नाच्या फोटोंत ते प्रत्येक ठिकाणी दिसतात, भिंतीशी, हात मागे बांधून. शेवटच्या आशीर्वादाला सगळी मंडळी उभी राहते, तेवढ्या फोटोत ते वेगळे ओळखू येत नाहीत.

याने चर्च बदलले असे म्हणता येणार नाही. पुढच्या वर्धापनदिनी सोफे परत आले. नवी कव्हरे बाजारातून शिवून आणली. वाचकांच्या यादीतून चारुलताबाईंचे नाव गेले आहे. कारण विचारले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की तरुणांना संधी द्यायची आहे. बाई दरीवर बसतात. गुडघ्यांसाठी एक उशी नेतात, ती बहुतेक वेळा फुलमनीच्या नातवाच्या डोक्याखाली असते. त्यांच्या शेजारी आता आणखी चार-दोन जण बसतात, कोणी कमिटीवरच्या रागाने, कोणी आपणहून. धैर्यशीलराव खुर्चीवर बसतात, पण शेवटच्या रांगेत, दरीला लागून. भिंत झाली. तिच्यावर त्या बड्या गृहस्थांचे नाव आहे.

सलोनी पॉलांच्या घरी नांदते. सासऱ्यांशी तिचे बरे जमते. हिशेब, गीझरची दुरुस्ती, औषधे सगळे त्यांना तिच्यावर सोपवायला आवडते. अडचण एकच आहे, आणि ती पॉलसाहेबांनी मध्यंतरी बाईंना फोन करून सांगितली. त्यांच्या घरी रात्री जेवणाआधी शास्त्रातला एक भाग वाचायची पद्धत आहे. वाचतात ते स्वतः. वाचून झाले, पुस्तक मिटले, की सलोनी चमचा खाली ठेवते आणि विचारते, "तो पापाजी, कल क्या करना है?"

"रोज़ पूछती है, चारुलताजी. रोज़."

"आप क्या कहते हैं?"

पॉलसाहेबांनी सांगितले, की सध्या ते फक्त वंशावळी वाचतात. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. त्यात करण्यासारखे काही नसते.

बाईंनी हे यमुनाताईंना सांगितले. यमुनाताईंनी विचारले, अशा वंशावळी किती आहेत तुमच्या शास्त्रात?

"पुष्कळ," बाई म्हणाल्या. "पण संपत आल्यात."